जर्नलमधला सत्तावीस

एप्रिल लागला की आमच्या लॅबला एक वास येतो. तापलेल्या प्लास्टिकचा, खाकी कव्हरांवरच्या ओल्या डिंकाचा, दुपारच्या उन्हातून तीन जिने चढून आलेल्या मुलांच्या घामाचा, आणि त्या घामावर कुणीतरी फवारलेल्या स्वस्त सेंटचा. खिडकीबाहेरचा कडुनिंब याच दिवसांत फुलतो. त्याचा गोडसर वास आत आला की लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं. मला उमासा येतो. सोलापुरात जन्मले, सोलापुरातच वाढले, इथल्या उन्हाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार प्रॅक्टिकलच्या हंगामाबद्दल आहे. इतरांच्या एप्रिलमध्ये आंबे असतात, सुट्ट्या असतात, गच्चीवर पसरलेली अंथरुणं असतात. माझ्या एप्रिलमध्ये जर्नलांचे गठ्ठे असतात आणि त्या प्रत्येक जर्नलात एकच आकडा असतो.

आज सकाळी नदाफमामांनी या वर्षीचा गठ्ठा टेबलावर आणून आपटला. मामा आमच्या लॅबचे शिपाई. माझ्या आधीपासून इथं आहेत आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, असं त्यांचं आणि माझं दोघांचंही मत आहे.

"घ्या मॅडम, अठ्ठावन्न हायत. दोघांनी अजून दिली न्हाईत. कवर वाळतंय म्हणं त्यांचं."

मी वरचं जर्नल उघडलं नाही. उघडावं लागतच नाही. आठवा प्रोग्राम, उजवीकडे रेघांच्या पानावर निळ्या शाईत सी भाषेतल्या दहाबारा ओळी, डावीकडे कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आउटपुट. दिलेली संख्या सत्तावीस. उत्तर एक एक शून्य एक एक. अठ्ठावन्न मुलं, अठ्ठावन्न अक्षरं, कुणाचं तिरकं, कुणाचं गोल, आणि आकडा एकच.

ज्यांना या विद्येशी देणंघेणं नाही त्यांना थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझी किळस कळायची नाही. आपण दहा अंकांनी मोजतो, यंत्र शून्य आणि एक या दोनच अंकांनी मोजतं. आपला आकडा यंत्राच्या भाषेत न्यायचा तर त्याला दोननं भागायचं, बाकी लिहून ठेवायची, आलेल्या भागाकाराला पुन्हा दोननं भागायचं, असं शून्य येईपर्यंत. मग त्या बाक्या खालून वर वाचायच्या. सगळी मेख या खालून वर वाचण्यात आहे. सहा घ्या. बाक्या येतात शून्य, एक, एक. खालून वाचल्या की एक एक शून्य, हे खरं उत्तर. आमच्या जर्नलातला प्रोग्राम मात्र बाकी आली की तशीच पडद्यावर टाकतो, वरून खाली. त्यामुळे सहाचं होतं शून्य एक एक, म्हणजे तीन. तेराचे होतात अकरा. यंत्र कुरकुरत नाही, लाल अक्षरांत चूक दाखवत नाही. प्रोग्राम चालतो आणि तोंड वर करून खोटं सांगतो. दुरुस्ती चार ओळींची आहे. बाक्या आधी साठवायच्या आणि शेवटाकडून छापायच्या.

आता सत्तावीस घ्या. बाक्या एक, एक, शून्य, एक, एक. वरून वाचा, खालून वाचा, सारखंच. प्रोग्राम चुकीचा आणि उत्तर बरोबर.

शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं तेव्हा हे माझ्या लक्षात आलं, आणि पहिल्यांदा मी चक्क हसले. मीही याच कॉलेजात शिकलेली, याच जर्नलवरून उतरवून काढलेली. सीनियरचं जर्नल ज्युनियरकडे येतं, त्याच्याकडून पुढच्याकडे. कव्हर नवं, नाव नवं, आतलं तेच. मला वाटलं, कुणाची तरी चूक खाली खाली उतरत आली असेल, झालं. मग एका दुपारी रिकाम्या लॅबमध्ये बसले असताना मनात आलं, की सत्तावीसच का? दहा का नाही? पंचवीस का नाही? उगीच आकडा घेणारा माणूस दहा घेतो, बारा घेतो, आपलं वय घेतो. सत्तावीस सहज हाताला लागत नाही. म्हणजे ज्यानं पहिल्यांदा हा आकडा त्या पानावर लिहिला, त्याला प्रोग्राम उलटा चालतो हे ठाऊक होतं. त्यानं आकडे घालून घालून बघितले असणार. दहा, चूक. बारा, चूक. वीस, चूक. मग कधीतरी सत्तावीस लागला आणि त्याला हायसं वाटलं असणार. चार ओळी लिहायच्या त्याच्या जिवावर आल्या, पण त्या टाळायला आकडा शोधायची मेहनत त्यानं घेतली. हा विचार आला तेव्हा मी डबा खात होते. घास तोंडात तसाच राहिला. अज्ञानाची मला किळस नाही, वर्षभर मी अज्ञानालाच शिकवते. पण हे कुणीतरी समजून, उमजून, व्यवस्थित झाकून ठेवलेलं होतं.

मी दुरुस्त केलेला प्रोग्राम टाइप करून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चाललंय ते चालू द्या की मॅडम. मॅन्युअल छापून झालंय." मी तासिका तत्त्वावर होते, जूनमध्ये मला पुन्हा घ्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. मी कागद उचलला आणि पर्समध्ये ठेवला. एवढंच. कुणी मला धमकावलं नाही, कुणी आवाजही चढवला नाही.

अंबिका पुढच्या वर्षी आली. पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली पोर. वडील टॉवेलच्या कारखान्यात जकार्ड मागावर होते. ठेंगणी, वेणी घट्ट, बोलताना मान थोडी वाकडी करायची. जर्नलची सवय लागलेली मुलं पडद्याकडे बघतसुद्धा नाहीत, वहीत बघून टाइप करतात. ही पडद्याकडे बघायची. आठवा प्रोग्राम चालवला त्या दिवशी सगळे सत्तावीस घालून उठले, ही बसूनच.

"मॅडम, हा सत्तावीस दोन्हीकडनं सारखाच हाय की ओ."

मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले.

"आमच्या पप्पांच्या मागावर कार्ड असतेत बघा, भोकांची. भोक असलं तर दोरा उचलतंय, नसलं तर न्हाई. एखादं कार्ड उलटं बसलं आन् डिझाइनमध्ये फूल असलं तर कळतच न्हाई, दोन्हीकडनं सारखं. पण नाव विणायचं असलं की लगेच कळतंय, अक्षर उलटं येतंय. हा सत्तावीस फुलासारखा हाय मॅडम. अक्षरासारखा आकडा घालून बघा की." आणि तिनं सहा घातला. पडद्यावर शून्य एक एक.

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. शाबासकीची वाट बघणारं ते तोंड मला अजून दिसतं. जे समजायला मला शिकवण्याचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं, ते तिनं दहा मिनिटांत ओळखलं होतं. आनंदानं तिची पाठ थोपटायची ती वेळ होती. मी म्हणाले, "जर्नलमध्ये आहे तसंच लिही."

"पण ते चुकीचं हाय."

"परीक्षेत सत्तावीसच घालायचा असतो."

हे वाक्य माझं नव्हतं. कुणीतरी आधी चावून टाकलेलं काहीतरी माझ्या तोंडात आलं आणि मी ते पोरीच्या ताटात टाकलं.

जर्नलवर सही झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे तिनं लिहिलं. जसं होतं तसं, सत्तावीससकट. पण कोऱ्या पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सहा घालून बघावे.' मी खोडरबर घेतलं आणि ते पुसलं. पुसल्याचा काळा चुरा टेबलावर पडला, तो मी तळहातानं खाली लोटला. मग सही केली. तो तळहात मी नंतर साबणानं धुतला, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं.

त्या एप्रिलात पंखे गरम हवा ढवळत होते. की-बोर्डची बटणं बोटांना चिकटत होती. बाहेरगावाहून आलेले एक्स्टर्नल सर, म्हणजे परीक्षा घ्यायला येणारे दुसऱ्या कॉलेजचे शिक्षक, अकराला आले, साडेअकराला चहा, एकला जेवण. एक्स्टर्नलचं जेवण ही आमच्याकडे एक पूजाच असते. नदाफमामा आदल्या दिवशीच कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, शेंगापोळी सांगून ठेवतात. निघताना हातात टॉवेलांचं पाकीट. सरांनी लॅबमध्येच, विद्यार्थ्यांच्या टेबलावर, मार्कांच्या यादीशेजारी ताट मांडलं. चटणीच्या तेलाचं एक बोट यादीच्या कोपऱ्यावर उमटलं आणि कागद तिथं पारदर्शक झाला. समोर मुलं आपापल्या पडद्यांपुढं ताठ बसून होती. सर दह्याचं बोट चाटत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." मला त्या क्षणी त्या माणसाचा जितका तिटकारा आला तितका क्वचितच कुणाचा आला असेल. पुढच्या अर्ध्या तासात तो तिटकारा वळून माझ्याकडेच येणार आहे हे मला माहीत नव्हतं.

अंबिकेला चिठ्ठीत आठवाच प्रोग्राम आला. तिनं तो आपल्या डोक्यानं लिहिला, बाक्या साठवून, शेवटाकडून छापून. सर हात पुसत आले.

"एवढा लांब कशाला? जर्नल बघू." त्यांनी पान उघडलं. "इथं वेगळाच आहे. हा कुठून आणलास?"

"मीच लिहिलाय सर."

"सत्तावीस घाल." तिनं घातला. एक एक शून्य एक एक. "मग? उत्तर तेच आहे ना? जर्नलचा येत नव्हता म्हणून बाहेरचा पाठ करून आलीस."

"न्हाई सर. जर्नलचा चुकतोय. त्यात सहा घालून बघा की."

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. मान वाकडी करून ती नेहमीसारखंच बोलली होती. पण सरांना साडेतीनची एसटी गाठायची होती, आणि सतरा वर्षांच्या मुलीनं 'बघा की' म्हणावं हे त्यांना रुचलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय मॅडम? जर्नलमधला प्रोग्राम बरोबर आहे ना?"

सगळी लॅब ऐकत होती. अंबिका माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर काळजी नव्हती, कारण मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. माझं उत्तर काय येणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

"हो सर," मी म्हणाले. "दरवर्षी तोच असतो."

पन्नासपैकी अठरा. पास व्हायला वीस लागतात. सरांनी आकडा लिहिला आणि यादी माझ्याकडे सरकवली. इंटर्नलची, म्हणजे आमच्या कॉलेजच्या परीक्षकाची, सही माझी. तेलाच्या डागावरून पेन घसरलं, म्हणून मी जरा बाजूला केली.

निकालानंतर तिचे वडील आले. स्वच्छ पांढरा शर्ट, कानांच्या मागं कापसाची बारीक लव तशीच. घरात ठरलेलं होतं की एक जरी विषय राहिला तरी शिक्षण बंद. चुलत्यांनी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात तिच्यासाठी मशीन बघून ठेवलं होतं. हे त्यांनी सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. ते भांडायला आलेच नव्हते. हात जोडून म्हणाले, "मॅडम, तिचं काय चुकलं तेवढं सांगा. आमच्याकडं कापडात चूक निघाली तर माग बंद करतो, कुठलं कार्ड हाय ते बघतो, मग पुढं चालवतो. तसं सांगा. घरी बसवून नीट करून घेतो."

मी म्हणाले, "सराव कमी पडला."

ते 'बरं' म्हणाले आणि पुन्हा हात जोडून गेले. भांडले असते तर मी त्यांच्यावर चिडले असते आणि घरी जाऊन शांत झोपले असते. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

हिवाळ्यात राहिलेल्यांची परीक्षा झाली. अंबिका आली होती, सहा महिने मशीनवर बसून. उजव्या तर्जनीला सुई लागल्याची खूण होती. चिठ्ठी कुठलीही आली असती, पण आली तीच. मी लांब खिडकीशी उभी राहिले. तिनं जर्नल आठवून दहाबारा ओळी टाइप केल्या, एक अक्षर इकडंतिकडं नाही. सत्तावीस घातला. दुसरे कुणी एक्स्टर्नल होते, त्यांनी मान डोलावून पंचेचाळीस दिले. ती उठली, खुर्ची आत सरकवली, आणि माझ्या शेजारून गेली. मान ताठ होती. मी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच तिला पक्की आली असावी.

त्यानंतर मी कायम झाले. विभागप्रमुख निवृत्त झाले. मॅन्युअल नव्यानं छापलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर आता माझं नाव आहे. आता माझा जून कुणाच्या हातात नाही, मग कारण तरी कुठलं सांगू? मी आठवा प्रोग्राम तरीही बदलला नाही. दर जूनमध्ये ते पान उघडते, पेन्सिल घेते, आणि मिटते. बदलला तर कुणीतरी विचारेल, आधीचा चुकीचा होता का? मग मला 'हो' म्हणावं लागेल, आणि माझा एक 'हो' तिथं आधीच बसलेला आहे. ज्यानं पहिल्यांदा सत्तावीस शोधला त्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. त्याचा एवढा आज्ञाधारक वारस त्याला दुसरा कुठं मिळाला असता?

या वर्षीच्या एक्स्टर्नलची यादी आली तेव्हा त्यात अंबिकेचं नाव होतं. राहिलेला विषय सुटल्यावर पुढं शिकली म्हणे, आता अकलूजकडच्या एका कॉलेजात शिकवते. मी नाव दोनदा वाचलं. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीखाली आशाही होती. ती येईल, सहा घालेल, शून्य एक एक पडद्यावर येईल, आणि मग मला सगळं बोलावं लागेल. माझ्या तोंडून जे नऊ वर्षांत निघालं नाही ते तिनं ओढून काढावं, अशी मी वाट बघत होते. म्हणजे धाडस पुन्हा तिनंच करायचं.

आज अकराला ती आली. वेणीच्या जागी अंबाडा, खांद्याला पिशवी. "कसं काय मॅडम, बरं हाय ना?" म्हणाली. मामांनी जेवणाचं विचारलं तर म्हणाली, "नको मामा, डबा आणलाय मी. टॉवेल तर अजिबात नको, घरात तेच विणतेत की." मामा मोठ्यानं हसले. मीही हसले आणि माझा आवाज मलाच कसातरी वाटला.

दुपारी सांगोल्याकडच्या एका मुलाला आठवा प्रोग्राम आला. पोरगं घाबरलेलं, कपाळावरचा घाम की-बोर्डवर टपकत होता. जर्नलमधल्या ओळी त्यानं तशाच उतरवल्या होत्या. अंबिका त्याच्या मागं जाऊन उभी राहिली, मी जिथं तिच्या मागं उभी राहिले होते तिथंच. तिनं पडदा वाचला. वरून खाली, एकदा. तिला दिसलं, हे मला दिसलं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कुठला आकडा घालू मॅडम?" पोरानं विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "सत्तावीस घाल, बाळा," ती म्हणाली.

एक एक शून्य एक एक. पोराचा चेहरा फुलला. तिनं यादीत पंचेचाळीस लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सही, मॅडम."

मी सही केली. मग न राहवून, अगदी हळू, विचारलं, "सहा का नाही घातलास?"

तिनं पेनाला टोपण लावलं.

"सहा घातला असता तर नापास तो झाला असता मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही न्हाई." आणि तिनं पुढचा नंबर पुकारला.